केरबामामांचा फेटा आणि वीस मिनिटांची म्हैस

आमच्या शैलाचं लग्न एकदाच झालं. त्यातला फेटा बांधण्याचा प्रसंग मात्र माझ्यामुळे सात वेळा झाला.

हे मी अभिमानाने सांगत नाही. त्या पंधरा दिवसांत मी जेवढा घाबरलो, तेवढा पुढे आयुष्यात कधी साहेबाला घाबरलो नाही की बायकोला. (यातला बायकोचा उल्लेख तिने वाचेपर्यंतच खरा समजावा.)

मानवतला आमची आडत होती. बापूंची सगळी हयात कापूस आणि ज्वारीत गेलेली. मी त्यांचा थोरला मुलगा सुधाकर, म्हणजे सुध्या. गल्लीत मला यंत्रातला जाणकार समजत. कारण एकच. शेजारच्या काकूंचा बंद पडलेला रेडिओ मी एकदा थापड मारून सुरू केला होता. पुढे तो रेडिओ फक्त थापड खाऊनच सुरू व्हायला लागला, पण तोवर माझं नाव झालं होतं.

शैला माझी धाकटी बहीण. तिला देवगाव फाट्याच्या पलीकडच्या एका गावात दिली. लग्न वैशाखात, आमच्या दारातच. बापूंनी हौसेनं परभणीहून व्हिडिओवाला बोलावला, मुनीरभाई. त्याचा कॅमेरा खांद्यावर बसायचा आणि दिवा एवढा प्रखर होता की त्यापुढे नवरदेवाच्या कपाळावरचं गंध ओघळून नाकावर आलं. त्या दिव्याची वायर धरायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. दिवसभर मी वायर खांद्यावर घेऊन मांडवात हिंडत होतो. "भाई, जरा बाजू सरको," असं मुनीरभाई मला दर पाच मिनिटांनी म्हणायचा. मला वाटायचं, तो मला नावाजतोय.

महिन्याभराने त्याने कॅसेट आणून दिली. देताना म्हणाला, "मैं इसकी पट्टी तोड के दिया. अब इसपे कोई दूसरा कुछ नै भर सकता. मगर हाथ लगाना नै, बोल के रखता."

व्हिडिओ कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकची एक बारकी पट्टी असायची. ती मोडली की यंत्र त्या कॅसेटवर नवं काही भरून घ्यायचं नाही. इतकी साधी सोय. ज्याने ही सोय शोधली, त्याने जगातल्या सगळ्या मूर्खांचा विचार केला असणार. फक्त मानवतचा एक राहून गेला.

बघायला घरात व्हीसीआर नव्हता, पण कॅसेट नुसती हातात आली तरी घर खूश झालं. मग पाहुणे मागायला लागले. मामाला एक पाहिजे, आत्याला एक पाहिजे. मी म्हणालो, "बापू, मी घरीच नक्कल काढतो. दोन व्हीसीआर जोडले की झालं. फक्त एक हाय, नकलेत जरा फिकेपणा येतो."

"म्हंजे घट येती?" बापूंनी विचारलं.

"हो. आणि नकलेची नक्कल काढली तर आणखीन घट."

बापूंना हे लगेच पटलं. ओला कापूस वाळला की घटतो, ज्वारी पोत्यातून पोत्यात ओतली की घटते. "घटीबिगर व्यवहार न्हाई, सुध्या. पण लेकीच्या लग्नात मला घट नको. काय लागंल ते सामान आण, पण बिनघटीचा माल काढ!"

बिनघटीचा माल! त्या शब्दांनी माझ्या अंगात वारं शिरलं. मी सामान जमवायला लागलो. माझा मित्र दिगंबर, त्याच्या मेव्हण्याने दुबईहून पाठवलेला व्हीसीआर चादरीत गुंडाळून आणला. दुसरा गावातल्या व्हिडिओ लायब्ररीतून आणला. लाईट कमीजास्त होऊन घट यायला नको म्हणून आडतीतला स्टॅबिलायझर आणला. तो चालू केला की दातदुखी झाल्यासारखा कण्हायचा. वायरी तर इतक्या झाल्या की आईने त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर येणं सोडलं. एकदाच आली ती कुंकवाचा करंडा घेऊन. दोन्ही यंत्रांना हळदकुंकू वाहिलं, स्टॅबिलायझरलाही वाहिलं, आणि म्हणाली, "ह्ये कण्हायलंय का रं? ह्याला काय दुखायलंय?"

बापूंनी फक्त एक फर्माईश केली. "आधी मानपान उतरव. व्याह्यांच्या केरबामामाला म्या कसा फेटा बांधला, त्ये आधी उतरव. बाकी मागून."

केरबामामा म्हणजे नवरदेवाचा मामा. सहा फूट उंच, मिशा कानाकडे निघालेल्या, आणि रुसण्यात पंचक्रोशीत पहिला नंबर. त्याच्यासाठी बापूंनी खास गुलाबी फेटा आणवला होता.

मी कॅसेट लावली. सीमांतपूजन झालं, आणि मुनीरभाईचा कॅमेरा मानपानाकडे वळला तिथे बरोबर थांबवली. आता भरायचं बटण दाबायचं. दाबलं. बटण खाली जाईना! पुन्हा दाबलं. जाईना. दिगंबर म्हणाला, "कॅसेटीत खोट हाय का रं?" मी कॅसेट बाहेर काढून पाहिली. पाठीवर खाच! पट्टी मोडलेली! मुनीरभाईने महिन्यापूर्वी काय सांगितलं होतं ते मला आठवायला हवं होतं. पण जाणकार माणसाला दुसऱ्याचं सांगणं आठवत नसतं. मी आईच्या औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी आणली, खाच झकास बुजवली, आणि बटण दाबलं. गेलं खाली! मी दिगंबरकडे असं बघितलं की त्याने मान खाली घातली.

तुमच्या लक्षात आलं असेल. लग्नाची कॅसेट मी भरून घेणाऱ्या यंत्रात घातली होती, आणि कोरी कॅसेट दाखवणाऱ्यात.

पडद्यावर म्हैस आली. संध्याकाळची वेळ, टीव्हीवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू होता. अँटेनाची वायर त्याच व्हीसीआरला लावलेली. मी दिगंबरला समजावलं, "टीव्हीवर टीव्ही दिसणारच. आपलं काम आतल्या आत चालू हाय." आणि आम्ही दोघे चहा प्यायला गेलो. वीस मिनिटांनी आलो. म्हशीचं दूध कसं वाढवावं ते तोवर पूर्ण सांगून झालं होतं.

मग कॅसेट मागे घेऊन लावली.

सीमांतपूजन दिसलं. विहीणबाई दिसल्या. केरबामामा मिशीवरून हात फिरवत खुर्चीवर येऊन बसले. बापू फेटा घेऊन पुढे झाले, आणि म्हैस! चांगली काळीभोर, कॅमेऱ्याकडे बघून रवंथ करणारी म्हैस! वीस मिनिटं म्हैस. नंतर एकदम मंगलाष्टकं.

 मी कॅसेट पुन्हा मागे घेतली, पुन्हा लावली, पुन्हा म्हैसच. दिगंबर हळूच म्हणाला, "सुध्या, घट न्हाई पण. म्हैस लय साफ आलीय."

मी कुणाला काही सांगितलं नाही. बापूंनी विचारलं, "उतरलं का?" मी म्हणालो, "एक नंबर." वाटलं, तीन तासांची कॅसेट, कोण कशाला बघत बसतंय! पाहुण्यांना सांगू, मशीन बिघडलं. पण नशीब असं की चारच दिवसांनी सेलूकडचा एक शेतकरी आडतीत ज्वारी घेऊन आला आणि पोतं उतरवायच्या आधी त्याने निरोप उतरवला.

"बापू, तुमचे व्याही लय नाराज हायती. केरबामामा म्हंत्यात, लग्नात आमाला फेटाच बांधला न्हाई. गडबडीत बाकी कुणी ध्यान दिलं न्हवतं, म्हणून समदे त्येंचंच खरं धरायलेत. मानपानाला खाली बघायला लावलं. आता पंचमीला पोरगी माहेरी धाडायची न्हाई, असं ठरायलंय तिकडं."

पहिली नागपंचमी! लग्नानंतरचा पहिला सण, आणि शैला येणार नाही! आई मटकन खाली बसली. तिने शैलासाठी हिरव्या बांगड्या आणून ठेवल्या होत्या, अंगणात लिंबाला झोका बांधून घेतला होता. ती नुसती त्या झोक्याकडे बघत राहिली. तिला तसं बघताना पाहून मला कसंतरीच झालं.

बापू मात्र हसले! मांडीवर थाप मारून म्हणाले, "फेटा बांधला न्हाई म्हंतो? आरं, कॅसेट हाय ना! माणूस खोटं बोलंल, कॅसेट बोलंल का? सुध्या, तू बगितलास का न्हाई फेटा कॅसेटीत?"

"ब... बगितला."

"साफ दिसतो?"

"लय साफ."

"नरसिंहाची आण?"

आमच्या घरात शेवटची आण म्हणजे पोखर्णीच्या नरसिंहाची. तिच्यापुढे अपील नाही. मी विचार केला : नरसिंह पोखर्णीला आहे, बापू समोर आहेत. जवळच्याला आधी घाबरावं.

"आण," मी म्हणालो.

बापूंनी त्याच शेतकऱ्याबरोबर उलट निरोप धाडला. पंचमीच्या आदल्या दिवशी तुमी सगळे या, शैलाला संगं आणा. कॅसेट लावतो. फेटा दिसला तर पोरगी ठेवून जा. न्हाई दिसला तर त्याच जीपमधून माघारी न्या, आणि मी भर बाजारात केरबामामाचे पाय धरतो.

झालं! बहिणीची पंचमी, बापूंची पगडी आणि माझी कातडी, सगळं एका म्हशीच्या शिंगाला अडकलं.

आता नरसिंहाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. हिरण्यकश्यपूला त्याने फाडला तो ना घरात, ना बाहेर, उंबरठ्यावर. ना दिवसा, ना रात्री, तिन्हीसांजेला. खोटी आण घेतल्यापासून मी संध्याकाळ झाली की उंबरठ्यावर पाय ठेवेनासा झालो. आत जायचं तर उडी, बाहेर यायचं तर उडी. एकदा उडीत तांब्या लाथाडला. आई म्हणाली, "बेडकावानी काय करायलास रं?" ओसरीवरच्या खांबाला तर मी टेकायचंच सोडून दिलं. खांबातून कोण कधी बाहेर येईल, सांगता येत नाही.

अन्न जाईना, झोप येईना. शेवटी दिगंबरने उपाय काढला. दिगंबर गावातल्या नाटकात काम करायचा, त्यामुळे त्याला प्रत्येक अडचणीवर वेशभूषा हाच उपाय सुचायचा.

"पुन्हा शूटिंग करू," तो म्हणाला. "मी केरबामामा, तू बापू. पाठमोरे बसू. पाठीवर कुणाचं नाव लिवलेलं असतंय का?"

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मी तर दिगंबरचा घेतला! परभणीला गेलो. मुनीरभाईला खरं सांगायची हिंमत झाली नाही, कारण त्याने हात लावू नको म्हणून बजावलं होतं. म्हणालो, "चुलत भावाचं लग्न हाय. त्याची जरा तालीम घ्यायचीय."

"तालीम?" मुनीरभाई म्हणाला. "शादी की तालीम कायकू? बहन की कैसेट ठीक है ना?"

"तिजोरीत हाय!"

"हौ, फिर ठीक है." तो पुढे काहीतरी बोलणार होता, पण मी थांबलोच नाही. (थांबलो असतो तर हा लेख इथेच संपला असता.)

कापसाच्या जिनिंग मिलच्या मागच्या बाजूला, जिथे कुणी येत नाही, तिथे मांडवाचं जुनं कापड लावलं. मी बापूंचा काळा कोट घातला, टोपी घातली. दिगंबर धोतर नेसून खुर्चीवर बसला. अडचण अशी झाली की फेटा बांधणारा आणि बांधून घेणारा समोरासमोर असतात. दोघांनीही कॅमेऱ्याला पाठ करायची कशी? शेवटी मी दिगंबरच्या मागे उभा राहिलो आणि न्हावी डोकं धरतो तसा मागूनच फेटा गुंडाळायला लागलो. फेटा गुलाबी मिळाला नाही, म्हणून आईची जुनी साडी घेतली. तिचा काठ हिरवा होता.

मुनीरभाईने कॅमेऱ्यातून डोळा काढला. "ये कौनसा रिवाज है रे? दोनों पीठ करके?"

"तिकडच्या लोकांत असंच हाय!"

एकूण सव्वातीन मिनिटं शूटिंग झालं. घरी येऊन ती सव्वातीन मिनिटं, यावेळी वायरी दहादा तपासून, लग्नाच्या कॅसेटवर चढवली. आणि मग लक्षात आलं की म्हैस वीस मिनिटांची आहे! सव्वातीन मिनिटांचा फेटा आणि पावणेसतरा मिनिटांची म्हैस उरतेच. करणार काय! तोच फेटा पुन्हा चढवला. मग पुन्हा. सहा वेळा चढवला तेव्हा कुठे म्हैस झाकली गेली. प्रत्येक जोडाला मात्र ती क्षणभर डोकावायची. शेवटच्या जोडाला तर तिने शेपटीही हलवली.

पंचमीचा आदला दिवस उजाडला. दुपार कलल्यावर जीप दारात थांबली. केरबामामा उतरले, लग्नाला न आलेल्या मामी उतरल्या, व्याही-विहीण उतरले, आणि सगळ्यांत मागून शैला. हिरवी साडी, हातात पत्र्याची पेटी. आई पुढे धावली तशा विहीणबाई म्हणाल्या, "पेटी उघडू नका आत्ताच. आधी कॅसेट."

शैला पेटीवरच बसली. स्वतःच्या माहेरी, पेटीवर, पाहुण्यासारखी! आईने तिला पाणी दिलं, तेही तिने आधी विहीणबाईंकडे बघून घेतलं. त्या क्षणी मला स्वतःचाच राग आला. पण राग थोडा होता, भीती पुष्कळ होती.

आणि तेवढ्यात मुनीरभाई! खांद्यावर व्हीसीआर, काखेत पिशवी. बापू म्हणाले, "तुज्या मशीनीवर माजा भरोसा न्हाई, सुध्या. म्याच बोलावलं ह्याला."

मुनीरभाईने पिशवीत हात घातला. "बापू, मैं भी एक कैसेट..."

"आमचीच लावा!" मी एवढ्या जोरात ओरडलो की जीपचा ड्रायव्हर आत बघायला आला.

कॅसेट लागली. सीमांतपूजन. विहीणबाईंना आपली नथ दिसली, त्या जरा सैलावल्या. केरबामामा पडद्यावर येऊन खुर्चीवर बसले, खोलीतल्या केरबामामांनी खाकरून मिशीवर हात फिरवला. आणि मग आमची पाठ आली.

 पडद्यावर मी मागून साडी गुंडाळतोय. केरबामामा पुढे वाकले.

"ह्यो मीच हाय?"

"तुमीच की!" बापू म्हणाले. पण त्यांचा आवाज जरा हलला. ते पडद्यावरच्या स्वतःकडे डोळे बारीक करून बघत होते.

"मी एवढा बारीक दिसतो?" केरबामामांनी पोटावरून हात फिरवला. त्यांना ते मनातून आवडलेलं दिसलं. "हां. उन्हाळ्यात जरा कमी झालो व्हतो खरा."

माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात फेटा संपला, म्हैस डोकावली आणि गेली.

"आं?" मामी म्हणाल्या. "ही म्हैस कुणाकडली?"

कुणी उत्तर द्यायच्या आत फेटा पुन्हा सुरू झाला. केरबामामांनी बोट केलं. "दोनदा बांधला?" फेटा संपला. म्हैस. तिसऱ्यांदा फेटा! शैला माझ्या कानाशी वाकून कुजबुजली, "दादा, बापूंच्या पायात तुजी चप्पल कशी काय?" मी तिला चिमटा काढला. चौथ्यांदा फेटा. "मंत्र्यालाबी एवढे फेटे बांधत न्हाईत," व्याही म्हणाले. पाचव्या वेळेला आईने डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, रडायलीय. ती म्हणाली, "अगं बाई, ही माजी लुगड्याची घडी! परवाधरनं हुडकायले!"

सहाव्यांदा म्हशीने शेपटी हलवली आणि केरबामामा उभे राहिले. त्यांचं डोकं छताच्या तुळईला लागायचं तेवढं बाकी होतं.

"बापू! घरी बोलावून आमची थट्टा करायलाव? फेटा बांधला न्हाई ते न्हाई, वर म्हैस दावायलाव? चला! जीप काढा! पेटी उचल गं पोरी!"

 बापू माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, हे सगळ्यांत वाईट होतं. शैलाने पेटी उचलली. आई पंचमीच्या पुरणाच्या दिंडांचं ताट हातात घेऊन तशीच उभी. जीप गुरगुरली.

माझं काय झालं मला कळलं नाही. मी धावलो आणि दारात आडवा हात लावून उभा राहिलो.

"बापूंचा काही दोष न्हाई! कॅसेट मी पुसली! फेटा बांधला व्हता, त्याच्यावर म्हैस मी भरली! मामा, मला मारा, पण शैलाला नेऊ नका!"

एवढं बोलून खाली बघितलं, तर माझे दोन्ही पाय उंबरठ्यावर. वर बघितलं, तर तिन्हीसांज! ना आत, ना बाहेर; ना दिवस, ना रात्र. आणि समोरून सहा फुटी केरबामामा मिशा पिंजारून चालत येत होते. मी डोळे मिटले आणि पोट आत ओढून घेतलं.

"अबे सुधाकर," मुनीरभाईचा आवाज आला, "कौनसी कैसेट पुसी तूने?"

"लग्नाची. तू दिलेली. असली."

"असली?" तो हसायलाच लागला. "असली मैं कभी किसकू देता क्या? तेरेकू दिया वो तो नक्कल थी! असली ये है, मेरी पिशवी में. बापू बोले दिखाना है, तो मैं असलीच ले के आया. तू बोलने कहाँ देता!"

म्हणजे मी, मानवतमधला घटीचा एकमेव तज्ज्ञ, दीड महिना हातात नक्कल घेऊन तिला असली समजत होतो!

सगळे परत बसले. असली कॅसेट लागली. सीमांतपूजन, नथ, खुर्चीवर केरबामामा, गुलाबी फेटा घेऊन पुढे झालेले बापू. मी नरसिंहाचं नाव घेतलं. आणि पडद्यावर एक भलंमोठं डोकं आलं. मागून. कुरळे, तेल लावलेले, दाट केस. पडदा भरून डोकं! मुनीरभाईचा कॅसेटमधला आवाज म्हणत होता, "भाई, जरा बाजू सरको."

डोकं सरकेना. ते दिव्याची वायर बघत होतं. फेटा कुठेच नाही. सगळ्यांनी पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे वळवली. नक्कल नुसती सीमांतपूजनापर्यंत बघून मी थांबवली होती, पुढचं माझं मलाच माहीत नव्हतं! आता मात्र मेलो, असं मला वाटलं. आणि मग त्या डोक्याच्या पलीकडून केरबामामांचा स्वतःचा, खणखणीत आवाज आला.

"बापू, जरा सैल बांधा की! कानशिलं आवळायलीत माजी! आणि रंग लय झ्याक हाय हां फेट्याचा!"

 केरबामामांच्या मिशा हळूहळू खाली आल्या. मामींनी पदर कमरेला खोचला.

"मंग फेटा कुठंय? मला तर म्हणालाव, बांधलाच न्हाई!"

"त्ये काय झालं..." मघाशी खुर्चीत न मावणारे सहा फुटी केरबामामा चार फुटी मामीपुढे आता खुर्चीत नीट मावले. "लग्नाहून परतताना फाट्यावर यष्टीची वाट बघत बसलो. लय उकडायलं. फेटा काढून बाकड्यावर ठिवला. गाडी आली, तसा... ऱ्हायला. तू इचारलीस फेटा कुठंय, तर मला भ्या वाटलं गं. तोंडातून निघून गेलं, बांधलाच न्हाई म्हणून. मंग त्ये वाढतच गेलं."

मला एकदम त्यांचा पुळका आला. वाढतच जातं! मामा, मला विचारा!

बापू आधी हसले. मग व्याही हसले. मामी हसल्या नाहीत, पण त्यांनीच शैलाच्या हातातली पेटी काढून आईकडे दिली. आईने पेटी उघडायच्या आत शैलाला धरून रडून घेतलं, आणि मीही खांबाला टेकून थोडा रडलो. खांबातून कोणी आलं नाही. फेटा कॅसेटमध्ये आहे अशी आण मी घेतली होती आणि तो होता. माझ्या डोक्यामागे का होईना, होता. नरसिंहाने तेवढ्यावर सोडून दिलं. तरीही पंचमी झाल्यावर मी पोखर्णीला जाऊन नारळ फोडून आलोच. बापूंनी केरबामामांना नवा फेटा बांधला, आठव्यांदा, आणि मामींनी तो स्वतःच्या पिशवीत घातला.

हल्लीच शैलाच्या मुलाने ती असली कॅसेट कॉम्प्युटरवर चढवली. त्यासाठी त्याने कसलं कार्ड, कसली डिस्क, काय काय सामान आणलं होतं; ते बघून मला दिगंबरचा चादरीतला व्हीसीआर आणि कण्हणारा स्टॅबिलायझर आठवला. (वायरींना मी हात लावू नये म्हणून शैलाने मला लांब बसवलं होतं.) तो म्हणाला, "मामा, आता कितीही नकला काढा, तीळभर घट येत नाही. कायमचं असंच्या असं राहणार."

पडद्यावर सीमांतपूजन झालं आणि ते डोकं आलं. खरंच, कुठे फिकेपणा नाही. एकेक कुरळा केस मोजून घ्यावा.

शैलाने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "बापू पाह्यजे व्हते आज. बिनघटीचा माल निघाला शेवटी. घट काय ती एकट्या दादाच्या टकलावर आलीय."